पाठीवरच्या थापा

कुरुळीच्या आमच्या शेडमधून खोकं निघालं, की गिरजाबाई त्याच्या पाठीवर तीन थापा मारायच्या. दोन लागोपाठ, तिसरी जरा थांबून. "नीट जा गं माये."

"मावशी, सेन्सर आहेत त्यात. लेक नाही," मी म्हणायचे.

"परदेशी धाडायची म्हंजी लेकच की, मॅडम."

मी डिस्पॅच बघते. त्या मंगळवारी जर्मनीला एकच खोकं गेलं, एक्सप्रेस कुरिअरनं. गुरुवारी सकाळी पोचलं नाही तर तिकडची मोटारींची लाइन थांबणार, ऑर्डर दुसरीकडे जाणार आणि आमची पॅकिंगची एक शिफ्ट बंद. चौदा बायका, त्यात गिरजाबाईही. खोक्यात मी धक्के आणि तापमान टिपणारं यंत्र ठेवलं होतं, घड्याळ आपल्या वेळेवर लावून.

बुधवारी सकाळपासून ट्रॅकिंग गोठलं. कुरिअरवाला फोनवर म्हणाला, "तिकडच्या विमानतळावर बर्फ पडतोय, मॅडम. खोकं उतरलंय, पण सापडत नाहीये."

आमचे मॅनेजर सुरेंद्र सर केबिनमधून तिसऱ्यांदा डोकावले. "अजून नाही, सर," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, पण सगळ्यांचे डोळे माझ्या स्क्रीनकडे. गिरजाबाई रिकाम्या पॅकिंग टेबलापाशी उभ्या होत्या, डोळे मिटून. पुटपुटत होत्या:

*लेक निघाली दूरदेशी, वाट बर्फाची, गारव्याची*
*माझ्या तळव्याची गं ऊब, तिच्या पाठीला पुरायाची*

मग टेबलावर थापा. दोन. जरा थांबून तिसरी.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काय झालं, मावशी?"

"गारठलीय वो. अंधारात हाय, येकलीच."

एक चौदाला स्क्रीन हलली. खोकं सापडलं होतं!

गुरुवारी पोच मिळाली तेव्हा सरांनी अख्ख्या शेडला भजी मागवली. पॅकिंगमधली कस्तुरा रडता रडता हसत सुटली. "गिरजाबाय, लेक नांदाया लागली की वो तुमची!" मीही बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

पुढच्या आठवड्यात यंत्र परत आलं. सवयीनं आलेख उघडला.

मंगळवार, कुरुळी: दोन हलके धक्के, जरा थांबून तिसरा.

बुधवार. सकाळपासून खोकं निपचित. एक चौदाला उचललं, तेव्हाचे धक्के मोठे, ओबडधोबड.

त्याआधी, एक दहाला, दोन हलके.

जरा थांबून तिसरा.

मी खालची तापमानाची रेघ पाहिली. सकाळपासून उणे चार अंश.

त्या एका मिनिटापुरती, माणसाच्या अंगाएवढी: छत्तीस पूर्णांक सहा दशांश.