चुकलेला शब्द परत येतो

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका.

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती, ऑक्टोबर महिना, मावशीचं मानिझालेस शहर. डोंगरावरचं धुकं गल्लीत उतरलं होतं. रोसमीरामावशीच्या शेगडीवर चॉकलेट उकळत होतं.

आधी मायेर्लीबद्दल सांगते. मावशीची एकुलती एक मुलगी, नर्स. जर्मनीत नर्स हव्यात, पगारही चांगला, म्हणून तिने जर्मन शिकायचा ध्यास घेतला होता. फोनमध्ये एक ॲप होतं, त्यात शब्दांची कार्डं. आठवलेला शब्द ते लवकर विचारायचं नाही. आठवड्याने, मग महिन्याने, मग वर्षाने. पण चुकलेला शब्द लगेच परत! येईपर्यंत सहसा पिच्छा सोडायचं नाही.

कार्डांवरचे अर्थ तिने मावशीच्या आवाजात भरून घेतले होते.

"आई, 'पाव' म्हण."

"का? भूक लागली?"

"म्हण गं. जर्मन शब्द फोन बोलणार, अर्थ तू सांगणार. तुझा आवाज असला की डोक्यात पक्कं बसतं."

"जन्मभर ओरडतेय तुझ्यावर, तेव्हा नाही ते कधी बसलं!"

असं हसतखेळत चालायचं दोघींचं.

ऑगस्टमध्ये ड्यूटीवरून परतताना घाटात दरड कोसळली. बस दरीत गेली, मायेर्ली गेली. फोनवर मात्र साधा ओरखडासुद्धा नव्हता.

नऊ दिवस घरात जपमाळ झाली. आत्म्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. नवव्या दिवशी तो उचलायचा असतो. मावशीने उचलला नाही.

शेजारच्या अल्बानीबाई म्हणाल्या, "रोसमीरा, पेला उचल बाई. पोरगी अडकून राहील."

"राहू दे. तिचंच घर आहे."

तर ती दुपार.

फ्रिजवर, मेरीमातेच्या तसबिरीपाशी, मायेर्लीचा फोन चार्जिंगला होता. सिमकार्ड कधीच काढलेलं. मावशी तव्यावरच्या मक्याच्या अरेपा उलटत होती.

आणि...

"ब्रोट," फोन बोलला.

मावशीचा हात तसाच थांबला.

शांतता...

मग टक. काचेवर बोट टेकवावं तसा आवाज.

"पाव." फोनमधून मावशीचाच आवाज आला.

टक. पुढचा शब्द.

मावशी घाबरली असेल असं वाटतं ना? छे! ती आनंदाने रडली. त्या दिवसापासून चॉकलेटच्या वेळी ती दोन कप भरू लागली आणि फोनसमोर खुर्ची ओढून बसू लागली.

"यामिलेत, आपली मायेर्ली अभ्यास करतेय," तिने मला फोनवर सांगितलं.

मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मी पेरेराहून तडक बस धरली.

आणि पाहिलं.

फोन टेबलावर पडलेला. जवळ कोणी नाही. शब्द येत होता, थोडा वेळ जात होता, आणि 'आठवला' आणि 'चुकला' या दोन बटणांपैकी 'आठवला' आपोआप दाबलं जात होतं.

"बघ, एकही चुकत नाही!" मावशीच्या डोळ्यांत मावेना इतका अभिमान होता.

मी तिथेच राहिले. नोव्हेंबरात पहिला शब्द चुकला.

"फेन्स्टर..."

बराच वेळ काहीच नाही. मग टक.

"खिडकी," मावशीचा आवाज.

टक. चुकला.

लगेच पुन्हा, "फेन्स्टर..."

"दमली असेल पोर," मावशी म्हणाली.

मग पाऊस चुकला. मग मीठ. दार. पाव. जे शब्द वर्षभराने विचारायचे, इतके पाठ होते, तेही चुकायला लागले. मधली शांतता लांबत चालली.

"काय होतंय गं तिला?" मावशीने विचारलं.

मला कळलं होतं.

"ती विसरतेय, मावशी."

"जर्मन?"

"नुसतं जर्मन नाही."

मग मावशीने पेला उचलला. परत ठेवला. पाणी बदललं. चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना, लावली. फोन बोलायच्या आत स्वतःच ओरडून सांगू लागली, "खिडकी, बाळा, खिडकी! तिच्यात बसून केस विंचरायचीस ना!"

टक. चुकला.

"बंद करून टाकू या फोन," मी म्हटलं.

"आणि मग ती जाईल कुठे?"



डिसेंबरात, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, दुपारी आम्ही दोघी दाराबाहेरच्या ओट्यावर मेणबत्त्या लावायची तयारी करत होतो. आतून आवाज आला.

"मुटर..."

मावशी धावत गेली. हा शब्द तिला माहीत होता. मायेर्लीने तिला पहिल्यांदा हाच शिकवला होता.

शांतता...

टक.

"आई," मावशीचा आवाज म्हणाला.

टक. चुकला.

"मुटर..."

"आई."

चुकला.

मावशी गुडघ्यांवर बसली. फोन दोन्ही हातांत धरला. "मी गं! मायेर्ली, मी! इथे आहे ना मी!"

"आई," फोनमधली मावशी शांतपणे म्हणाली. तो आवाज भरला तेव्हा सगळं ठीक होतं ना.

चुकला.

पुन्हा. पुन्हा. मी भिंतीला टेकून नुसती उभी होते. काय करणार होते मी?

मग एकदम सगळं थांबलं. स्क्रीनवर एक ओळ आली.

"काय लिहिलंय?" मावशीकडे चष्मा नव्हता.

मी वाचून दाखवलं. "हा शब्द वारंवार चुकत आहे. बाजूला ठेवला आहे."

"बाजूला म्हणजे कुठे?"

बाहेर अंधारू लागलं होतं, लोक मेणबत्त्या लावत होते. आमच्या ओट्यावर त्या वर्षी एकही लागली नाही.

त्यानंतर बाकीचे शब्दही असेच बाजूला पडले आणि फोन गप्प झाला. ॲपची ती पद्धतच आहे. एखादा शब्द फार वेळा चुकला की ते नाद सोडून देतं. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा काढता येते, मग शब्द कधीच बाजूला पडत नाही. हे मी मावशीला मुद्दाम सांगितलं नाही. ती ऐकत बसली असती जन्मभर. आणि तिला स्वतःला ते जमणं शक्य नव्हतं, साधा फोटो उघडायचा तर तिला मी लागते.

गेल्या महिन्यात तिची खुशाली विचारायला फोन केला.

तिने उचलला, पण बोलेना. मागून काहीतरी ऐकू येत होतं...

"मुटर..." टक. "आई." टक. "मुटर..."



"मावशी, मायेर्लीच्या फोनला कोणी हात लावला? अल्बानीबाई आल्या होत्या?"

"कुणीसुद्धा आलं नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"सकाळपासून. थांबतच नाही."

"मी येते. मी बंद करते."

"नको गं," मावशी हळूच म्हणाली. "ती प्रयत्न करतेय."

मी गेले नाही. धीरच होत नाही. रोज दुपारी फोन तेवढा लावते. मावशी उचलते, काही न बोलता तो मायेर्लीच्या फोनजवळ धरते, आणि मी ऐकते.

अजून चुकतोच आहे.