रिकाम्या खाटा

“अहो, दार हळू—!”

तोवर ते त्याच्या कपाळावर आदळलंच होतं. एका हातानं धापा टाकणाऱ्या आजोबांना सावरत ती ओशाळून म्हणाली, “माफ करा हं, ब्रदर.”

“ब्रदर म्हणणार असाल तर आजोबांना दुसऱ्या वॉर्डात न्या.”

त्या दवाखान्यात वॉर्ड एकच होता! ती वस्तीत घरोघर फिरणारी आरोग्यसेविका, तो वॉर्डातला नर्स. तेव्हा वीसही खाटा भरलेल्या, खाली गाद्या घातलेल्या. ती पेशंट आणायची. तो तिला बघितलं की कपाळ चोळायचा.

मग तिनं दारोदारी रक्तदाब मोजायला घेतला. गोळ्या चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांना दटावलं, धापेची औषधं वेळेवर पोचवली. दोन वर्षांत खाटा ओस पडल्या.

“पोटावर पाय देताय हं आमच्या,” तो डोळे मिचकावून म्हणायचा. ती हसायची... खूप हसायची.

आणि एक दिवस पत्र आलं. महिनाअखेर निम्म्या खाटा भरल्या नाहीत, तर वॉर्ड बंद. त्याची बदली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्या आठवड्यात तिनं कधी न केलेलं केलं. एका काकूंचा साधा खोकला. वहीत ‘धाप’ लिहिलं आणि त्यांना दाखल करायला आणलं. त्यानं छातीला नळी लावली, बोटाला यंत्र लावलं. “काकू, ठणठणीत आहात. घरी जा.”

काकू गेल्या. तिची मान वर होईना.

“माझ्यासाठी केलंत?”

“...हो.”

“नका ना. तुमच्या वहीच्या भरवशावर माणसं जगताहेत. आणि मी... मी त्या वहीवालीवरच जीव लावून बसलोय.” त्यानं कपाळ चोळलं. “चला माझ्याबरोबर.”

किती दिवस ती याच शब्दांची वाट बघत होती! पण डोळ्यांपुढे आली ती एकशे ऐंशी घरं, आणि नववा महिना लागलेली कोपऱ्यावरच्या घरातली सून.

“मी आले तर इथला वॉर्ड परत भरेल,” ती म्हणाली.

“मग माझी बदली रद्द!”

“आणि मी तिकडे एकटी.”

दोघं हसले. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले, वहीतलं ‘धाप’ खोडलं, आणि उन्हं कलायच्या आत सुनेकडे पोचायचं म्हणून उठली.

त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं... अगदी हळू.