झोपलेली काडी

मुलांनो, एक लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. वर परदेशी शिक्के. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या पाच काड्या, ना पान, ना माती. १९६९ चा जुलै आहे आणि आपण जळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात उभे आहोत. पेटीवर वाकलाय कौतिक, एदलाबादकडच्या केळीवाल्या लोटन पाटलांचा मुलगा. त्याच्या मागे, आईचं शिवणयंत्र सोडवायला आलेली धुळ्याची यशोदा, सात वर्षांच्या भाचीचा, बेबाचा, हात धरून.

"चुलीला लाकडं इथे मिळत नव्हती का?" यशोदाने विचारलं.

कौतिकने मान वर केली आणि पेटी विसरून तिच्याकडे पाहिलं.

"झोपलीत ती. ऑस्ट्रेलियातून आलीत. तिकडे आत्ता थंडी असते."

मग त्याने सगळं सांगितलं. ही पर्सिमनची रोपं. फळ टोमॅटोसारखं दिसतं, पण मधासारखं गोड. परवानगीलाच वर्ष गेलं. परदेशी माती चालत नाही, म्हणून मुळं धुऊन पाठवतात. वडिलांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती: एक तरी पान दिसलं तर बाग, नाही तर त्यासाठी राखलेल्या जमिनीत केळी.

बेबा एका काडीवरून हळूच बोट फिरवत होती. कौतिकने ती तिलाच दिली, सोबत आपल्या घरचा पत्ता घातलेलं कोरं कार्ड. जागी झाली की कळव, वडिलांना दाखवायला नेईन, म्हणाला.

"आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो," यशोदा म्हणाली.

"मग तर छानच. हिला पाणी कमीच लागतं."

धुळ्याला काडी लावलेली कुंडी पाहून यशोदाच्या आईने कपाळाला हात लावला. "हाई ते नुसती काडी शे." कौतिक मात्र दर पंधरवड्याला एसटीने ती बघायला यायचा. काडी दोन मिनिटांत बघून व्हायची; चहा संपायला तास लागायचा.

ऑक्टोबरात एका सकाळी काडीच्या टोकाला चकचकीत पान उलगडलं. बेबा कार्ड घेऊन धावली, पण यशोदाने तिला थांबवलं. पान फुटलं की तो रोप नेणार... मग धुळ्याला कशाला येईल? दोन दिवस थांब, म्हणाली, आणि कुंडी रांजणामागे सरकवली. दोनाचे आठ झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कौतिक आला, तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्याच्याकडची चारही रोपं कुजली होती. बिचारी तहानलेली दिसतात, म्हणून त्याची आई गुपचूप रोज तांब्याभर पाणी घालत होती. केळीच्या घरात पाण्याला कोण नको म्हणणार?

यशोदाने कुंडी आणून त्याच्यापुढे ठेवली. त्याने पान पाहिलं, मग तिला.

"कधी फुटलं?"

"आठ दिवस झाले."

"कळवलं का नाही?"

तिने नजर खाली घातली नाही. "तुम्ही रोप नेलं असतं... आणि परत आला नसता."

"आता नेऊ?"

"न्या. पण बेतानं पाणी घालायची सवय या हाताला आहे. तुमच्याकडे तांब्या घेऊन धावणारे आहेत."

"मग हातासकट न्यावं लागेल," कौतिक म्हणाला. "चालेल?"

"विचारायला तीन महिने लावलेत — चालेल."

बेबा पायरीवर बसून ऐकत होती. तिने दप्तरातून ते कार्ड काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: झाड उठलं. आत्या पण येणार. मग कोणालाही न विचारता ती कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आली. कार्डावर पत्ता कौतिकच्या वडिलांचा, लोटन पाटलांचा होता.