साडेतीनशेच्या पलीकडची टेकडी

"उद्या संध्याकाळपर्यंत तो अँटेनाचा खांब उतरला पाहिजे!" सोसायटीचे अध्यक्षकाका गच्चीच्या दारातूनच गरजले आणि आले तसे धाडधाड जिना उतरून गेले.

सुट्टीला आत्याकडे आलेली तिन्ही भावंडं एकमेकांकडे बघू लागली. थोरलीला सगळे घुबड म्हणत, कारण तिचा चष्मा मोठा आणि बोलणं कमी. मधला भोंगा, त्याची कुजबुजसुद्धा खालच्या मजल्यावर ऐकू जाई. आणि धाकटी मुंगी, जिला कुठल्याही फटीत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे.

"पण खांबानं त्यांचं काय घोडं मारलंय?" भोंग्यानं विचारलं.

"खालचं सरकतं फाटक संध्याकाळी रिमोटला दाद देत नाही," आत्या म्हणाली. "काल डॉक्टरीणबाई पेशंटकडे निघाल्या आणि गाडीसकट आतच अडकल्या. मी रेडिओवर बोलते तेही संध्याकाळीच. मग काय, खापर माझ्या अँटेनावर!"

आत्या हौशी रेडिओवाली होती, परीक्षा देऊन परवाना काढलेली. गच्चीवरच्या छोट्या खोलीत तिचा रेडिओ होता. रोज दिवेलागणीला त्यातून नदीपलीकडच्या गुरुजींचा आवाज येई. आत्याला रेडिओ शिकवणारे गुरुजी आता अंथरुणाला खिळले होते. खिडकीतून दिसेल ते ते सावकाश सांगत: आज बगळे उशिरा परतले, पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील लावलाय. मुलं गच्चीवर उताणी पडून ऐकत, आणि आभाळच आपल्याशी बोलतंय असं त्यांना वाटे.

"फोन करायचा ना मग," मुंगी म्हणाली.

"फोनवर ते 'बरा आहे' म्हणून ठेवून देतात गं. रेडिओपुढेच त्यांच्यातला मास्तर जागा होतो. खांब गेला की ते गप्पच होतील."

"तुझी चूक नाही, हे सिद्ध कर की!" भोंगा म्हणाला.

"केलंय. हे बघा." आत्यानं तळहाताएवढं एक यंत्र पुढे केलं. "हा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. कानांना ऐकू येत नाही ते हा डोळ्यांना दाखवतो. महागड्या यंत्रांच्या मानानं अगदीच स्वस्तातला, पण माझं काम भागतं. पडद्यावरचं हे खालचं गवत म्हणजे हवेतली नुसती कुजबुज. आणि आता मी बोलते हं!"

तिनं माइकचं बटण दाबलं. गवतातून एक उंच टेकडी अलगद वर आली. भल्या पहाटे धुक्यातून डोंगर दिसावा तशी!

"ही मी. एकशे चव्वेचाळीस मेगाहर्ट्झच्या थोडी पुढे. म्हणजे सेकंदाला चौदा कोटींहून जास्त हेलकावे! रेडिओ सदोष असता तर आणखी टेकड्या दिसल्या असत्या. सगळीकडे गवतच आहे ना? मग मी निर्दोष!"

मुंगीनं पडद्याच्या उजव्या कडेला नाक लावलं. "आत्या, इथे साडेतीनशे लिहिलंय. त्याच्यापुढे काय?"

"पुढचं मला लागतच नाही गं," म्हणत आत्या कपबशा घेऊन खाली गेलीसुद्धा.

पण मुंगीचं समाधान होईना. तिनं खुंटीवरचा फाटकाचा रिमोट काढला आणि उलटा केला. मागे बारीक आकडे होते: ४३३.९२.

"अय्या! फाटक तर पडद्याबाहेर राहतं!"

घुबडीनं चष्मा सावरला. यंत्राच्या बाजूला दोन भोकं होती. एकात अँटेना खोचलेली होती. दुसऱ्यावर धुळीनं माखलेलं टोपण होतं आणि शेजारी लिहिलं होतं: २४० ते ९६०.

"याला दोन दारं आहेत," ती हळूच म्हणाली. "एकातून खालचे आकडे दिसतात, दुसऱ्यातून वरचे. आत्यानं दुसरं दार उघडलेलंच नाही!"

त्या संध्याकाळी भोंगा रिमोट घेऊन फाटकाशी उभा राहिला. घुबड शेजारी यंत्र घेऊन बसली. तिनं अँटेना दुसऱ्या भोकात खोचली होती. मुंगी गच्चीच्या कठड्यावरून लाल फडकं घेऊन डोकावत होती. आत्या बोलू लागली की फडकं हलवायचं, ऐकू लागली की थांबवायचं!

आभाळ जांभळं होत होतं. फडकं हललं.

पडद्यावर, चारशे चौतीसच्या किंचित अलीकडे, गवतातून एक छोटी टेकडी उगवली. भोंग्यानं बटण दाबलं. फाटक ढिम्म! फडकं थांबलं, टेकडी विरघळली आणि बटण दाबताच फाटक सरकत उघडलं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"एकशे चव्वेचाळीस आणि थोडं, गुणिले तीन," घुबड पुटपुटली. "बरोब्बर फाटकावर!"

भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला. "म्हणजे अध्यक्षकाका खरं बोलत होते? आपण कुणाला सांगायचंच नाही!"

"आणि डॉक्टरीणबाई परत अडकल्या तर?" घुबडीनं विचारलं.

"पण गुरुजी..."

"यंत्र खोटंही बोलत असेल," घुबड म्हणाली. "तू कानाशी ओरडलास की माझ्या कानात नसलेली घंटा वाजते. तसं याचंही होत असेल. आत्यालाच विचारू."

दोघांनी वर येऊन मुंगीला सगळं सांगितलं. गुरुजींचा निरोप घेऊन आत्या वळते तोच मुंगीनं सांगून टाकलं, "आत्या, फाटक अडवणारी तूच आहेस!"

सगळं ऐकून आत्यानं यंत्र रेडिओशेजारी ठेवलं. मग तिनं रेडिओची जागा फक्त एका मेगाहर्ट्झनं पुढे सरकवली. "भोंग्या, पळ खाली! मी बोलते."

टेकडी टुणकन तीन मेगाहर्ट्झ पुढे सरकली. आणि खालून आरोळी आली, "उघडलं!"

"यंत्र खोटं बोलेल, फाटक कशाला बोलेल?" आत्या खुर्चीत मागे रेलली. "माझ्याच आवाजाचा पडसाद तिप्पट जागी उमटतोय. गेल्या महिन्यात हा नवा रेडिओ घेतला, तेव्हापासूनच. आणि मी मात्र पडदा संपला तिथे जग संपलं असं धरून बसले!"

"मग आता असंच पुढे सरकून बोलत जा ना!" धापा टाकत वर आलेला भोंगा म्हणाला.

"वा रे! एकाच्या दारातला कचरा उचलून दुसऱ्याच्या दारात? त्या जागीही कुणीतरी राहत असेल. त्यापेक्षा गाळणी करू."

"चहाची?"

"आवाजाची! खालचे आकडे जाऊ देते आणि वरचे अडवते."

दुसऱ्या दिवशी सकाळभर गच्चीवर कारखाना चालला. मुलांनी पेन्सिलीवर तांब्याच्या तारेची वेटोळी घातली. आत्यानं ती कथलाचा डाक देऊन एका पत्र्याच्या डबीत बसवली आणि डबी रेडिओ व अँटेनाच्या मध्ये जोडली. मग यंत्राच्या दोन्ही दारांतून नीट बघितलं. एकशे चव्वेचाळीसपाशी टेकडी दिमाखात उभी. तिप्पट जागी नुसतं गवत.

संध्याकाळी अध्यक्षकाका पाना आणि दोर घेऊनच हजर झाले.

"काका, एक पैज!" भोंगा गरजला. "आत्या बोलत असताना फाटक उघडलं तर खांब राहणार!"

"अरे जा! आणि नाही उघडलं तर?"

"तर मी स्वतः पाना धरतो!"

वर मुंगीनं फडकं हलवलं. काकांनी रिमोट दाबला. फाटक खडखडत उघडलं. काकांनी संशयानं वर पाहिलं. फडकं हलतच होतं. पुन्हा दाबलं, फाटक पुन्हा हललं!

"केलंत काय हे?" त्यांनी पाना खाली ठेवला. घुबडीनं यंत्र दाखवून सगळं समजावलं, आत्याची चूकसुद्धा न लपवता.

"म्हणजे माझं खरं होतं तर!" काकांच्या मिशा फुलल्या. "पण खरं सांगू? मी नुसतं बोट दाखवलं, तुम्ही बघितलंत. शाबास रे पोरांनो! राहू दे तो खांब."

गच्चीवर आत्यानं सगळी हकिगत गुरुजींना सांगितली.

"दिसत नाही, की नाहीच?" पलीकडून गुरुजींचा आवाज आला. "हे मी तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तू विसरलीस, आणि या पोरांना ते न शिकवता आलं. त्यांच्या पाठीवर माझ्या वतीनं थाप दे."

आत्यानं तीन पाठींवर तीन थापा दिल्या. भोंग्याला जरा जोरात!

मग गुरुजी खिडकीतलं सांगू लागले. मुलं उताणी पडली. एकेक चांदणी आभाळाच्या गवतातून वर येत होती. खाली मात्र काकांच्या रिमोटनं फाटकाची खडखड चालूच होती. उघड, मीट, उघड, मीट!

"मागे आवाज कसला येतोय गं?" गुरुजींनी विचारलं.

आत्यानं हसून माइक तोंडाजवळ नेला. "आमचं फाटक, गुरुजी. मी बोलतेय आणि ते चालतंय."