उलटा काता

काशीत मेलेला माणूस परत येत नाही, हे शास्त्रवचन आहे आणि ब्रह्मा घाटावरच्या एकाही मराठी घराने ते आजवर खोटं पाडलेलं नाही. अडचण एवढीच होती, की उल्हासराव पौराणिकांची बायको बकुळ काशीत मेली नव्हती. ती मुगलसरायला मेली. पाटण्याहून बहिणीकडून परतताना, गाडी बदलायला फलाटावर बसली असताना, हातातला चहाही न सांडता. गंगा ओलांडायची तेवढी राहिली. दहन मणिकर्णिकेवर यथासांग झालं. पण मरण तिकडचं आणि जळणं इकडचं असेल तर धरायचं काय, याबद्दल जाणकारांनी नुसत्याच माना हलवल्या.

ही गोष्ट शहाण्णव सालची. उल्हासराव डिझेल कारखान्याच्या ऑफिसात होते आणि कराटे शिकत होते. यात शौर्याचा भाग नव्हता. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. योगासनांच्या वर्गात निम्मे लोक नात्यातले निघाले आणि उरलेल्यांना घरचं सगळं माहीत होतं, म्हणून बकुळने त्यांना मैदागिनजवळच्या कराटेच्या वर्गात घातलं. "तिथं आपलं कोणी नसेल," ती म्हणाली.

नव्हतंच. समोरासमोरच्या लढतीत चष्मा काढावा लागे आणि चष्मा काढला की उल्हासरावांना समोरासमोर असं काही उरतच नसे. पण काता त्यांना जमला. काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूशी एकट्याने लढायचं. कुठला पाय, कुठला हात, कधी वळायचं, सगळं आधीच ठरलेलं. जो माणूस लहानपणापासून भिंतीपलीकडची वेदांची संथा ऐकत झोपला, त्याला हे परकं वाटायचं कारण नव्हतं.

सकाळी ते गच्चीवर सराव करत. बकुळ तिथेच पापड वाळत घाली आणि माकडांसाठी काठी घेऊन राखण करी. राखण कमी, नवऱ्याची परीक्षा जास्त.

"अहो, कोपर. कोपर वर जातोय. कोंबडी आहे का ती, की फडफडतेय?"

"बाकी ठीक आहे ना?"

"बाकीचं मला काय समजतंय? कोपर दिसतो, कोपर सांगितला."

चाळिशीपुढच्यांसाठी आसपासच्या जिल्ह्यांची स्पर्धा होणार असल्याचं त्यांनी सांगितलं, त्याच दिवशी तिने कॅलेंडरशेजारी एक खिळा ठोकला. "मेडल आणा. नाही तर भाजीची थैली टांगते त्याच्यावर." मग ती पाटण्याला गेली.

खिळा रिकामा राहिला. त्यावर थैली टांगायची उल्हासरावांची छाती होईना. म्हणजे मेडल आणणं आलं.

पण काता बिघडला. मधल्या वळणावर पोचले की पुढचं पुसलं जाई आणि ते गच्चीच्या मध्यभागी एक पाय पुढे टाकून उभे राहत, कोणी हाक मारल्यासारखे. वर्गाचे गुरू विश्वेश्वर राय, पोलिसातून निवृत्त झालेले, त्यांची तक्रार निराळीच होती.

"पंडितजी, हाथ-पाँव सब ठीक। मगर मार किसको रहे हैं, ये पता नहीं चलता। जज को दुश्मन दिखना चाहिए।"

उल्हासरावांनी घरी जाऊन शत्रू शोधला. जन्मभरात एकच सापडला, ऑफिसातले सिन्हासाहेब. त्यांना समोर उभं करायचं ठरलं. राहिला विसरण्याचा प्रश्न. तो त्यांनी खालच्या मजल्यावर नरहरकाकांना विचारला. काका घनपाठी. ऋचा त्यांना सरळ येत, उलट येत, आणि झोपेतही येत.

"त्यात काय? घन कर," काका म्हणाले. "एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, परत एक-दोन-तीन. मग पुढचा शब्द धर. असं म्हणत गेलं की विसरायची सोयच राहत नाही."

"पण मुक्का उलटा मारला तर चालतो का?"

"शब्दाला चालतं. मारपिटीचं मला पता नाही बाबा." काकांनी पान जुळवलं. "एक ध्यानात ठेव. उलटावर थांबायचं नाही. सरळ करूनच उठायचं."

का, हे उल्हासरावांनी विचारलं नाही. अशा घरात ‘का’ विचारत नाहीत.

हा इलाज लागू पडला. आठवडाभरात काता पुन्हा पाठ झाला. उल्हासराव कामाला चोख. सरळ जाताना सिन्हासाहेब पडत असतील, तर उलट येताना त्यांना उठवायला हवं. मुठीने पुढे जाऊन पाडायचं, मूठ मागे ओढत उठवायचं. सिन्हासाहेब सकाळभर पडत-उठत राहिले.

माघातलं धुकं गच्चीपर्यंत चढायचं आणि नदी नुसती ऐकू यायची. कठड्यावर माकडं अंग आक्रसून बसत. एके दिवशी उल्हासरावांच्या लक्षात आलं की माकडं एकाच बाजूला दाटीने बसलेली आहेत. समोरची बाजू, जिथे पूर्वी पापडाची चादर असे, ती त्यांनी मोकळी सोडली होती. थंडीत माकडांचा काय नेम, असं म्हणून त्यांनी पुढचा पाय टाकला.

वर्गात रायसाहेब खूश झाले. "अब कोई है सामने। दिख रहा है।" मग त्यांनी डोकं खाजवलं. "मगर दुश्मन इतना नाटा क्यों है? आपकी नज़र नीचे जा रही है।"

सिन्हासाहेब चांगले सहा फुटी होते.

उल्हासरावांनी नजर वर उचलायचा प्रयत्न केला. गच्चीवर ती पुन्हा खाली येई, आपल्या खांद्याच्या उंचीवर, आणि तिथे थांबे. मुठीला शेवटी किंचित अडल्यासारखं व्हायचं, धुतलेल्या सुती लुगड्याला हात लागावा इतकंच. आंघोळीआधी ते हात नाकाशी नेत. हिंग आणि पापडखार. बकुळ गेल्यापासून घरात पापड लाटले गेले नव्हते.

"उल्हास," जिन्यात काका म्हणाले, "सकाळी वर दोघं कोण असता रे?"

"मी एकटाच, काका."

"मग माकडांना हाकलतं कोण? काठी आपटलेली ऐकू येते."

काठी स्वयंपाकघराच्या दाराआड होती. उल्हासरावांनी जाऊन पाहिली. तिच्या टोकाला गच्चीवरचा ओला चुना लागला होता.

यानंतर जे झालं त्याला ते घाबरले नाहीत, हीच त्यांना पुढे भीतीची गोष्ट वाटली. मूठ मागे ओढताना ते सिन्हासाहेबांना उठवत नाहीत, हे आता त्यांना कळत होतं. धुक्यातून उठणारं अंगाने बारीक होतं. चेहरा दिसत नसे. पदर खोचलेला दिसे, आणि डोकं कोपराकडे बघणाऱ्या माणसासारखं एका बाजूला झुकलेलं.

उलट केलं की ती यायची. सरळ केलं की मूठ तिच्यापर्यंत जायची आणि समोर नुसतं धुकं उरायचं.

आणि काकांचा नियम होता, सरळ करूनच उठायचं. म्हणजे रोज तिला उठवायचं आणि रोज शेवटी पाडून खाली जायचं, चहा करायचा, कारखान्याची बस पकडायची. उल्हासरावांचा हात जड होत गेला. मुक्का मऊ पडला. रायसाहेब चिडले. "पंडितजी, मेडल चाहिए कि नहीं?"

चाहिए होतंच. तिनेच मागितलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे घन केला. शेवटचं उलट झालं. ती उठली. आता सरळ करून उठायचं.

उल्हासराव थांबले.

"चल," ते म्हणाले, आणि मागे न बघता जिना उतरले. पायरीवर चपलांचा एकच आवाज व्हायला हवा होता. त्यांनी तो मोजला नाही.

सिगरा भागातल्या हॉलमध्ये पिवळे दिवे होते आणि रबराच्या चटयांचा वास. चाळिशीपुढच्यांच्या वर्गात मोजकेच लोक होते. सगळ्यांच्या पट्ट्यांवर पोटं आली होती. नाव पुकारलं गेलं. उल्हासराव चटईवर गेले, वाकले, सुरुवात केली.

पाय आपोआप पडत होते. मधलं वळण आलं आणि गेलं. हॉल शांत होत गेला. पंख्याचा आवाज तेवढा.

शेवटचं वळण.

ती समोर होती.

दिव्याच्या उजेडात पहिल्यांदाच नीट. पदर खोचलेला, हाताला पीठ.

मुक्का पुरा मारला तर मेडल होतं.

मूठ निघाली. वीतभर अलीकडे ती थांबली. थांबली, आणि कोणीतरी एका बोटाने कोपर हलकेच खाली दाबला.

उल्हासराव वाकले आणि चटईवरून उतरले.

निकालात त्यांचं नाव नव्हतं. नाव पुकारून बाद केलं गेलं. मेडल जौनपूरच्या एका तालीमवाल्याला मिळालं. उल्हासरावांना वाईट वाटलं नाही, पण अपुऱ्या मुक्क्यासाठी एकदम बाद, हे नियमात बसत नाही असं वाटून ते मुख्य पंचांकडे गेले. पंच लखनौहून आलेले, सभ्य गृहस्थ होते.

"मुक्के का तो थोड़ा नंबर कटता, बस," ते म्हणाले आणि त्यांनी आपल्या कोपराला बोट लावलं. "कोहनी वगैरह बहुत अच्छी थी। लेकिन आपने नाम एकल में लिखवाया है।"

"जी।"

"फिर बहनजी को मैट पर क्यों ले आए?"

उल्हासरावांनी वळून चटईकडे पाहिलं. पंचांना वाटलं, बिचारे खट्टू झाले. म्हणून त्यांनी समजुतीच्या सुरात नियम सांगितला. एकलला एक जण लागतो, टीमला तीन. दोघांचा वर्ग नाही.