गार पाण्यातला हात

हिमाचलातल्या उंचावरच्या तळ्याकाठी, प्रयोगशाळेत, डॉ. हेमांगी राजाध्यक्ष शीतकोशापाशी बसली होती. काचेखाली चार अंशांच्या पाण्यात तिचा नवरा निरंजन निजला होता. प्राणवायू नळीने थेट रक्तात जात होता. आजारावर औषध सापडेपर्यंत त्याला असं टिकवायचं, ही तिचीच कल्पना. आता औषध सापडलं होतं, पण रोज काही मिनिटं घेतलेला मेंदूचा आलेख कित्येक वर्षं सरळ रेघच दाखवत होता.

"वहिनी, पेशी तर शाबूत आहेत," सुबोध कर्णिक म्हणाला. तो निरंजनचा मित्र, मेंदूतज्ज्ञ.

"त्या राहणारच, भाऊजी. थंडीत तूप थिजतं, तेल थिजत नाही. ट्राउट मासा हिवाळ्यात पेशींच्या आवरणातलं तूप काढून तेल भरतो, म्हणून बर्फाखाली जगतो. यांच्या पेशींना आपण तेच शिकवलं."

"आवरण टिकलं. माणूस नाही टिकला. औषध देऊन उठवायचं कुणाला?"

हेमांगीने बादलीतल्या गार पाण्यात हात बुडवून बधिर होऊ दिला. उबदार हाताने ट्राउटची कातडी दुखावते, हे तिला निरंजननेच शिकवलं होतं. आता त्याची कातडीही तशीच झाली होती. मग तिने त्याचा उघडा तळवा धरला.

"ऐकू येत असेल तर हात दाब."

रोजच्यासारखीच ती पाच-दहा मिनिटं थांबली. काही झालं नाही. तिने त्याचा हात सरळ ठेवला.

"बंद करा, भाऊजी. मला बघवणार नाही."

निरंजनची गळाची काठी घेऊन ती तळ्यावर गेली आणि बर्फातल्या भोकात दोर सोडून बसली. ती नेहमी घाईने गळ ओढायची आणि त्याची बोलणी खायची. आज ओढायचं बळच नव्हतं. ऊन कलल्यावर काठीचं टोक वाकू लागलं, इतकं हळू की आधी कळलंच नाही.

"झोपलेला नसतो गं तो," निरंजन म्हणायचा. "गारठ्यात त्याचं सगळंच सावकाश. तू त्याला तोंड उघडायलाही वेळ देत नाहीस."

फार संथ लाट थोडाच वेळ पाहिली तर सरळ रेघच दिसते, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. काठी टाकून ती धावत सुटली.

शीतकोशातलं पाणी उतरलं होतं. सुबोध निरंजनच्या हाताकडे पाहत होता. सकाळचा उघडा तळवा अर्धा मिटला होता.

"नळी काढायच्या आधीच मिटत आला होता," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं, थंडीने आखडला."

सवयीने हेमांगीने आधी बादलीत हात बुडवला, मग तो त्या अर्ध्या मुठीत सरकवला. मुठीत बरोबर तिच्या हाताएवढी जागा होती.