शून्य कोणी धरलं?

ही हकिकत रचलेली नाही. तारीख मोजपुस्तकात आहे : १७ फेब्रुवारी १९९४, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. गावातल्या जुन्या इमारतींपैकी चाळिसांची जतनासाठी नोंद झाली होती. उरला होता बंद दवाखाना.

निवृत्त आरेखक ओळंबाराव वैतागले होते. हे नाव गावानेच ठेवलेलं; रेघ तिरकी गेली की त्यांना घास उतरत नसे. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत अचूक नकाशा कार्यालयात पोहोचला नाही, तर दवाखाना पाडला जाणार होता. त्यांच्या दोन्ही मुली तिथेच जन्मल्या होत्या.

बाहेरून लांबी चोवीस मीटर. भिंतींची जाडी वजा जाता आतून तेवीस मीटर वीस सेंटिमीटर यायला हवी.

येत होती बावीस ऐंशी.

तीनदा.

टेप तीन खोल्यांच्या दारांतून सरळ गेली होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत तिचं शून्याचं टोक मेव्हण्याच्या हाती होतं.

“अरे, भिंतीला टेकव. की तिलाही लाजतोस?”

“टेकवलंय, भावोजी. आता काय भिंतीत शिरू?”

ओळंबाराव पुटपुटत आकडेमोड तपासत बसले. मग चौथ्यांदा टेप ताणली.

“शून्य?”

ओळंबारावांनी आवाज चढवला.

“शून्य धरलंस का?”

“…धरलंय.”

‘भावोजी’ नव्हतं.

तेवीस वीस. मिलिमीटरचाही फरक नाही.

“एकदाचं डोकं चाललं तुझं.”

“माझं?”

आवाज पाठीमागून, पायरीवरून आला. मेव्हणा बॅटरी घेऊन उभा होता. “मी मागच्या दारानं घरी गेलो होतो की. टेप खाली ठेवतो म्हणून ओरडलो, तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

ओळंबारावांनी हातातल्या टेपकडे पाहिलं.

ती अजून ताणलेली होती…

मग हळूच सैल झाली.

दोघे आत गेले. खोलीत कोणी नव्हतं. धुळीतले मेव्हण्याच्या बुटांचे ठसे भिंतीच्या चाळीस सेंटिमीटर अलीकडेच थांबले होते. पुढच्या धुळीला कोणाचा स्पर्श नव्हता. टेपचं टोक मात्र भिंतीला भिडलेलं.

“मला भिंत इथेच लागली होती,” मेव्हणा म्हणाला. टोक पुन्हा हातात घ्यायला तो तयार होईना.

ओळंबारावांनी स्वतः धरून पाहिलं. ठशांच्या पुढे बोटांना काहीतरी गार, सपाट लागलं.

बावीस ऐंशी.

“तेवीस वीस लिहा नि मोकळे व्हा. माझी सही ठोकतो,” मेव्हणा बाहेर येताच म्हणाला. मोजपुस्तकात शून्य धरणाऱ्याची सही लागत असे.

“तू धरलं नव्हतंस.”

“मग ज्यानं धरलं त्याची आणा.”

ओळंबारावांनी तेवीस वीस लिहिलं; सहीचा रकाना कोरा राहिला. सही नाही म्हणून नकाशा कार्यालयातून परत आला. आकडा बरोबर होता, म्हणून ओळंबाराव आजही चिडतात. आणि टेप ताणली की ‘शून्य?’ विचारायचं टाळतात.

दवाखाना पाडायला अडीच दिवस लागले.